‘पाणी कमी’ लिहिलेल्या कागदाबद्दल

प्रस्तावना

गरोदरपणातल्या बहुतेक तक्रारी बाईला स्वतःला कळतात. उलट्या होतात, पायावर सूज येते, कळा तर कुणी सांगाव्याच लागत नाहीत. ‘पोटातलं पाणी कमी झालंय’ ही गोष्ट मात्र बहुतेकींना दुसऱ्या कुणीतरी सांगितलेली असते, आणि तीही सोनोग्राफीच्या कागदावरून. सकाळी भाकरी थापून, घर आवरून दवाखान्यात आलेली, कुठे काही दुखत नसलेली बाई दुपारी तो कागद घेऊन परतते ती घाबरलेलीच.

मंठा तालुक्यात तळणीला, ढोकसाळला किंवा आणखी कुठे हा कागद पोचला की पुढचं ठरलेलं असतं. सासू तांब्या भरून पुढ्यात ठेवते. दीर मंठ्याहून शहाळी आणतो. माहेरचे मोसंबीची पिशवी पाठवतात. जालना जिल्ह्यात मोसंबीला तोटा नाही. शेजारीण सांगते, दोन सलाईन लावून घ्या, माझ्या भाचीचं पाणी असंच वाढलं. आणखी कुणी म्हणतं, आता सीझरच. या सगळ्यांचा जीव त्या बाईत अडकलेला असतो, यात शंका नाही. पण पाणी कमी का झालं, हे विचारायचं राहूनच जातं. दवाखान्यातल्या गर्दीत आम्ही डॉक्टर मंडळीही ते दरवेळी सांगतोच असं नाही.

ही पुस्तिका त्या ‘का’साठी आहे. ती आशाताईंनी वाचावी, उपकेंद्रातल्या सिस्टरनी वाचावी आणि घरातल्या ज्या कुणाला रिपोर्ट वाचून दाखवावा लागतो त्यानेही वाचावी. विहिरीचं पाणी खाली गेलं तर शेतकरी लगेच टँकर आणून ओतत नाही. झरा आटलाय, उपसा वाढलाय की कुठे पाझर फुटलाय, हे आधी बघतो. गर्भजलाचंही तसंच आहे. ते कमी असणं हा आजार नव्हे, आजाराची खूण असू शकते. कधी कधी तर तीही नसते.

हे पाणी येतं कुठून? सुरुवातीच्या महिन्यांत ते आईच्या रक्तातून, पिशवीच्या पडद्यांमधून आणि बाळाच्या कोवळ्या कातडीतून पाझरतं. पुढे बाळाची मूत्रपिंडं कामाला लागतात आणि सोळा ते वीस आठवड्यांनंतर त्यातला मोठा भाग बाळाच्या लघवीचा असतो. हे सांगितलं की ओपीडीत हमखास तोंडाला पदर जातो. “अगं बाई, म्हंजे लेकरू त्याच्यातच...?” असं एक मावशी म्हणाल्या होत्या. हो मावशी, त्याच्यातच, आणि तेच ते पितंही. दिवस भरत आलेलं बाळ दिवसाला पाऊण-एक लिटर लघवी करतं आणि जवळपास तितकंच पाणी गिळतं. थोडी भर त्याच्या फुप्फुसांतून येणाऱ्या पाण्याची. दहाव्या आठवड्याला तीसएक मिलिलिटर असलेलं पाणी सोळाव्याला दोनशेच्या घरात जातं, चौतिसाव्याच्या सुमारास आठशेपर्यंत पोचतं आणि नंतर हळूहळू उतरतं. दिवस उलटून बेचाळिसावा आठवडा गाठला, तर निम्म्यावर आलेलं असू शकतं. म्हणजे नवव्या महिन्यात पाणी आधीपेक्षा थोडं कमी दिसणं हा निसर्गाचाच क्रम आहे.

बाळाची लघवी ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की निम्मी कारणं आपोआप उलगडतात. लघवी कमी झाली तर पाणी कमी. लघवी कमी कधी होते? वारेतून बाळाकडे रक्त कमी जाऊ लागलं की. अशा वेळी बाळ मेंदू आणि हृदयाकडचं रक्त राखतं आणि मूत्रपिंडांकडचं आखडतं. वार अशी कमजोर पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आईचा वाढलेला रक्तदाब, आणि तिची दिसणारी खूण म्हणजे बाळाची खुंटलेली वाढ. म्हणून कागदावर पाणी कमी दिसलं तर शहाळ्याच्या आधी बीपीचा पट्टा हवा. 140/90 किंवा त्यावर बीपी, लघवीत प्रथिनं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि पोटाची वाढ महिन्यांच्या मानाने कमी, यांपैकी काहीही जोडीला असेल तर तो कागद साधा राहत नाही. मग डॉप्लरची तपासणी लागते. बाळाच्या नाळेतलं रक्त कसं वाहतंय ते त्यात दिसतं, आणि थांबायचं की बाळंतपण करायचं हे त्यावर ठरतं.

दुसरं कारण गळतीचं. पिशवी फुटली की पाणी भळाभळा जातं आणि सगळ्यांना कळतं. वरच्या बाजूला बारीकशी चीर पडली तर मात्र ते थेंब थेंब जातं. बाईला वाटतं पांढरं जातंय, किंवा खोकल्यावर लघवी सुटतेय. लाजेने ती बोलत नाही. आशाताईंनी हे स्पष्ट शब्दांत विचारावं: “ताई, कपडा ओला होतो का? झोपून उठल्यावर एकदम पाणी येतं का? वास लघवीचा येतो का वेगळा?” स्वच्छ कोरडा पॅड लावून अर्धा तास आडवं व्हायचं आणि मग उठून बघायचं, एवढं घरीही करता येतं. पाणी जातंय अशी शंका असेल तर वेळ लिहून ठेवावी, पाण्याचा रंग बघावा आणि दवाखाना गाठावा. हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असते; तेव्हा उद्यावर ढकलू नये. कळा नसताना कुणी पुन्हा पुन्हा आतून हाताने तपासू लागलं तर थांबवायला हरकत नाही, कारण जंतू तिथूनच वर चढतात.

तिसरं कारण औषधांचं. यावर मी मुद्दाम जरा रेंगाळणार आहे, कारण ते सगळ्यांत सहज टाळता येण्यासारखं आहे. कापूस वेचून, सोयाबीन काढून कंबर धरते. मेडिकलवर जाऊन ‘कंबरदुखीची द्या’ म्हटलं की गोळी मिळते, किंवा गावातला कुणी एक सुई टोचतो. त्यात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक असं काहीतरी असतं. ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडांकडचं रक्त कमी करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2020 मध्ये विसाव्या आठवड्यापासून ती टाळण्याचा इशारा दिला. चांगली गोष्ट अशी की वेळेत बंद केली तर पाणी बहुधा परत भरून येतं. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, तेही विचारून. आधीपासून बीपी असलेल्या काही बायका टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेत असतात. दिवस राहिल्याचं कळताच त्या बदलून घ्याव्या लागतात. बीपीसाठी गरोदरपणात चालणारी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं आहेत. इथे एक गल्लत नको. डॉक्टरांनी कमी मात्रेत दिलेली अॅस्पिरिन या यादीतली नाही. ती वारेचं रक्त नीट राहावं म्हणूनच दिलेली असते. पुस्तिका वाचून कुणी ती परस्पर बंद करू नये.

चौथं कारण सगळ्यांत अवघड. बाळाची मूत्रपिंडंच तयार झालेली नसतात, किंवा लघवीची वाट बंद असते. मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात पडद्यासारखी झडप राहून लघवी अडते. दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या बाळांच्या चेहऱ्याची विशिष्ट ठेवण शिकागोच्या डॉ. एडिथ पॉटर यांनी 1946 मध्ये लिहून ठेवली. साधारण सोळा ते चोवीस आठवडे हा फुप्फुसं आकार घेण्याचा काळ. त्या दिवसांत भोवती पाणीच नसेल तर फुप्फुसं वाढत नाहीत आणि बाळ जन्मल्यावर श्वास घेऊ शकत नाही. पाचव्या महिन्यातलं ‘पाणी नाही’ आणि नवव्या महिन्यातलं ‘पाणी कमी’ या म्हणूनच दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणाऱ्याला त्या एकच वाटतात.

पाचव्या महिन्यातली गोष्ट कळायची तर अठरा ते वीस आठवड्यांत एक नीट सोनोग्राफी झाली पाहिजे. इथे मंठ्याचं वेगळेपण आड येतं. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दिवाळीला चौथा महिना असलेली बाई ही तपासणी करायच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या फडावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती एक दिवस दवाखान्यात गेली तर खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. पहाटे फडात, रात्री कोपीत, आणि आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी बेतानेच प्यायचं. ही बाई गावी येते तेव्हा आठवा-नववा लागलेला असतो आणि तिची पहिली सोनोग्राफी ‘पाणी कमी’ म्हणून येते. आता कारण शोधायला मागचा एकही कागद नसतो. महिने नीट मोजलेले नसतात, त्यामुळे बाळ लहान आहे की दिवसच कमी आहेत, हेही सांगता येत नाही. टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या अलीकडेच, गावातल्या गरोदर बायकांची पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी उरकून घेणं आणि माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या पिशवीत घालून देणं, एवढं जरी आशाताईंनी साधलं तरी या पुस्तिकेतली बरीच पानं कमी लागतील. मुक्कामाच्या गावचं आरोग्य केंद्र त्या कार्डावर पुढची तपासणी करू शकतं. त्यासाठी मंठ्याला यावं लागत नाही.

गंभीर व्यंग निघालंच तर काय, हा प्रश्न घरच्यांना विचारायलाही जड जातो. 2021 साली सुधारलेल्या गर्भपात कायद्याप्रमाणे, बाळात मोठं व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. निर्णय त्या बाईचा. आपण तिला माहिती वेळेत द्यायची, बस.

आता त्या आकड्याकडे. रिपोर्टवर ‘एएफआय 6’ असं काहीतरी असतं. पोटाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात पाण्याची सर्वांत खोल जागा सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि चारींची बेरीज करायची. ही पद्धत 1987 मध्ये अमेरिकेत फेलन आणि रुदरफोर्ड यांच्या चमूने मांडली. पाच किंवा त्याखाली कमी, पाच ते आठ सीमेवर, त्यापुढे चोवीसपर्यंत ठीक. दुसरी पद्धत त्याहून साधी: एकच सर्वांत खोल जागा मोजायची, ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी कमी. दोन्हींत कोणती बरी, यावर बराच वाद झाला. जर्मनीत 1052 बायकांवर झालेला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की चार भागांच्या बेरजेने ‘पाणी कमी’ असे शिक्के जास्त पडतात, कळा आणण्याचे प्रकार वाढतात आणि बाळांचा त्यात फायदा काही दिसत नाही. आपल्याकडे बेरजेचीच सवय आहे. माझं मत विचाराल तर नवव्या महिन्यात, बीपी ठीक, बाळाची वाढ ठीक, हालचाल ठीक आणि बेरीज सहा, अशा बाईला त्याच रात्री गाडी करून जालन्याला पळवायचं कारण नसतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा मोजावं. मोजणारा बदलला, बाळाने कूस बदलली किंवा पोटावर यंत्र जरा जोरात दाबलं गेलं, तरी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. मात्र तेच सहा सातव्या महिन्यात असेल आणि बीपी 150 असेल, तर मी स्वतः गाडी बघेन.

पाणी पिण्याचं काय? सासूचा तांब्या अगदीच चुकीचा नाही. पाणी कमी असलेल्या बायकांनी थोड्या वेळात दोनेक लिटर पाणी प्यायल्यावर ही बेरीज सरासरी दोन सेंटिमीटरने वाढते, असं चाचण्यांमधून दिसलं आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना, शेतातून आलेल्या बाईला हे नक्कीच लागू पडतं. तिला दिवसभर घोट घोट पाणी, ताक, सरबत द्या, डाव्या कुशीवर निजू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पण याने बाळाचा धोका टळतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. वार कमजोर असेल, गळती असेल, मूत्रपिंडांत दोष असेल, तर कितीही पाणी प्यायलं तरी मूळ दुखणं जागच्या जागी राहतं. आकडा मात्र बरा दिसू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. हृदयविकार किंवा बीपीचा गंभीर त्रास असलेल्या बाईला भरमसाट पाणी पाजणं तर धोक्याचंच. सलाईनबद्दल एवढंच सांगतो की नेहमीच्या सलाईनने या पाण्यात मोजण्याजोगी वाढ होत नाही, असंच अभ्यासांत आढळलं. बाई तोंडाने पिऊ शकत असेल तर तेच पैसे जेवणावर खर्च करावेत.

अर्जिनिनच्या पुड्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. त्यांनी पाणी थोडं वाढल्याचे लहान अभ्यास आहेत. ठाम भरवसा ठेवावा इतका पुरावा नाही. सिल्डेनाफिलने पाणी वाढल्याचंही एका अभ्यासात दिसलं होतं. मात्र वाढ खुंटलेल्या बाळांसाठी हेच औषध वापरून नेदरलँड्समध्ये चाललेली मोठी चाचणी 2018 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटातल्या बाळांना फुप्फुसांचा त्रास अधिक झाला आणि काही दगावली. ‘पाणी वाढवणारी गोळी’ कुणी चिठ्ठीशिवाय आणून दिली तर ती कोणती, हे विचारायलाच हवं.

मग खरा उपचार कोणता? जे कारण सापडेल त्याचा. दुखण्याची गोळी बंद करायची, बीपी ताब्यात आणायचं, गळतीत अँटिबायोटिक द्यायचं. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं दिसत असेल तर बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची. सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोनची चार, बारा-बारा तासांनी. पोटातून सुई घालून पाणी सोडण्याचा प्रकारही आहे, पण तो मोठ्या केंद्रांतला आणि मोजक्या बायकांसाठीचा. दुसरं काही बिघडलेलं नसेल आणि पाणी खरंच कमी असेल, तर छत्तीस ते अडतीस आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण करावं असा अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. बाळंतपण म्हणजे सीझरच असं नाही. कळा आणून, बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवून कित्येकजणी मोकळ्या होतात. ठोके बिघडले तर मात्र सीझरची सोय हाताशी हवी, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मंठ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. जालन्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय गांधी चमनला, साठ-पासष्ट किलोमीटरवर. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, आणखी तितक्याच अंतरावर. दुसऱ्या बाजूने जिंतूरवरून परभणी. कुठे जायचं हे कळा सुरू झाल्यावर ठरवायचं नसतं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. पाणी कमी आलेल्या बाईने तो दिवस चुकवू नये, पण त्याची वाटही बघत बसू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यातली तपासणी, औषधं, सीझर, रक्त आणि गाडी, सगळं मोफत आहे. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे दोन्ही क्रमांक कार्डाच्या मुखपृष्ठावर पेनने लिहून ठेवावेत. सोनोग्राफीआधी भरून घेतला जाणारा एफ फॉर्म बघून काहीजण बिचकतात. तो गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याचा भाग आहे आणि प्रत्येक गरोदर बाईचा भरला जातो. सही करायला घाबरू नये.

घरी करायची राखण एकच, बाळाच्या हालचालीची. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजायचं; दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. नेहमीपेक्षा बाळ गप्प वाटलं तर गोड खाऊन बघू, सकाळी बघू, असं करत रात्र काढू नये.

बाळंतपण पार पडलं की ‘पाणी कमी’चा कागद बहुधा चुलीत जातो. तो जपायला हवा. कारण सापडलं नसेल तर बाळाने पहिल्या चोवीस तासांत लघवी केली का, हे बघावं. मुलगा असेल तर धार येते की नुसते थेंब, तेही बघावं. थेंबच येत असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगून मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. मूत्रमार्गातली झडप दुर्बिणीतून काढता येते आणि जितकी लवकर काढावी तितकी मूत्रपिंडं वाचतात. आणि पुढच्या खेपेला तोच कागद पहिल्याच तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवावा. मागच्या वेळी बीपीमुळे पाणी कमी झालं असेल, तर अॅस्पिरिन सुरू करायची की नाही हे सोळाव्या आठवड्याच्या आत ठरवावं लागतं. सातव्या महिन्यात कागद दाखवून त्याचा उपयोग होत नाही.